जयवंतीमावशीचा डावा हात

सकाळी मी लॅबचं शटर वर केलं की पहिली हाक यायची ती पेशंटची नव्हे, समोर टोपली मांडून बसलेल्या जयवंतीमावशीची.

"काय रे ढेकणा, आज किती जणांक चावतलंस?"

कसालच्या बाजारात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. पाटीवर माझं नाव आहे, नावाखाली पदवी आहे, पदवीखाली वेळ आहे. पण मावशीने एकदा मला ढेकूण ठरवल्यावर बाजाराने ती पाटी वाचायचं सोडून दिलं. शेजारचा केस कापणारा नवख्या माणसाला पत्ता सांगायचा तोही "मावशीच्या टोपलीसमोर ढेकूण बसतो, तिथे जा" असा. सुरुवातीला मला राग यायचा. एकदा मी तिला तोंडावर म्हटलंसुद्धा की मी शिकलेला माणूस आहे. त्यावर ती म्हणाली, "शिकलेलो ढेकूण." तेव्हापासून मी वाद घालणं बंद केलं.

ती मालवणची. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसायची आणि बाजार जागा होईतो कसालला हजर. गुडघ्यापर्यंत खोचलेलं पाचवारी, त्यावर निळा प्लास्टिकचा एप्रन, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा आणि डोक्यावर एक काळी छत्री. त्या छत्रीची एक काडी मोडली तेव्हा तिने तिथे सायकलची तार बसवून घेतली होती. पावसाळ्यात बोटी बंद असल्या की तीच टोपली, तीच छत्री, फक्त आत सुके बांगडे आणि सुकट. जागा मात्र बदलायची नाही. वडाच्या पाराला लागून हातभर फरशी होती, ती जागा तिची. तिथे दुसरं कुणी चुकून चप्पल काढून ठेवली तरी ती चप्पल गटारात सापडायची.

तिच्या टोपलीचा एक कायदा होता. मासा ताजा आहे की नाही हे बघायला गिऱ्हाईक त्याचा कल्ला अंगठ्याने उचलून बघतं. आत लालभडक असेल तर ताजा, काळपट असेल तर शिळा. मावशीची त्याला ना नव्हती. पण नुसतं हौसेने कल्ले उचकत फिरणाऱ्या माणसाची ती अख्ख्या बाजारासमोर खरडपट्टी काढायची. एकदा कुडाळहून आलेले एक साहेब चार बांगड्यांचे कल्ले बघून "नको, परत येतो" म्हणून निघाले. मावशीने त्यांना हाक मारून थांबवलं.

"ओ सायबानूं! मासो घेवचो नाय तर कल्लो उघडू नकात. मेलो म्हणान काय झाला, तेकाय लाज आसा."

साहेबांनी मुकाट्याने चारही बांगडे घेतले. मी काउंटरवरून बघत होतो आणि हसत होतो. तिने मला बघितलं. "तू हसू नको. तू लोकांच्या आतला उघडून बघतंस आणि कागद हातात दितंस. तुज्यापेक्षा तो सायब बरो."

मला स्वतःला मासे निवडता येत नाहीत. जन्म याच जिल्ह्यातला, पण माझी नजर सुईच्या टोकापलीकडे चालत नाही. त्यामुळे मी कधी कल्ला उघडला नाही. मावशी जे देईल ते पिशवीत घ्यायचं आणि घरी जायचं, असा आमचा रिवाज. दिलेला मासा कधी वाईट निघाला नाही.

आमची ओळख मात्र मासळीतून झाली नव्हती, तिच्या डाव्या हातातून झाली होती.

पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. बगलेतल्या गाठीही काढल्या होत्या. तेव्हापासून उजव्या हाताला सुई लावायची नाही, प्रेशरचा पट्टा बांधायचा नाही, असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं. हे ती पहिल्याच दिवशी मला सगळ्या पेशंटांसमोर मोठ्याने सांगून मोकळी झाली. "उजवो हात माजो. डावो तुजो. काय चावाचा ता हय चाव." डाव्या हाताची शीर बारीक, खोल, आणि मालकिणीइतकीच हट्टी. सुई टेकली की बाजूला सरकायची. मी दोन-दोनदा टोचायचो. मावशी दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावून, बाकावरच्या बायकांना टोपलीत आज काय आहे ते सांगत बसायची.

मग तिची पाठ दुखायला लागली. टोपली उचलून दुखते म्हणून तिने कितीतरी महिने बाम चोळला. शेवटी सून रेश्मा तिला ओढून कोल्हापूरला घेऊन गेली. तिथे स्कॅन झालं. जुना आजार परत आला होता आणि मणक्याच्या हाडात जाऊन बसला होता.

कोल्हापूरचे डॉक्टर तरुण होते आणि आडपडदा न ठेवता बोलणारे होते. ते म्हणाले की आता हा मुळापासून निघणार नाही, पण दाबून ठेवता येईल. ही गाठ बाईच्या अंगातल्या संप्रेरकावर पोसणारी आहे, तेव्हा आधी त्याची रसद तोडणारी गोळी देऊ. रोज घरी घ्यायची. ती चालते आहे तोवर उत्तम. ती चालेनाशी झाली तर मग बहुतेक सलाईनमधून औषध, दर आठवड्याला, इथे येऊन.

डॉक्टरांशी बोलताना मावशी शुद्ध मराठी बोलायची. तोंड आवळून, एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा. "दर आठवड्याला नाही जमणार डॉक्टर. मला माझ्या जागेवर बसायचं असतं." डॉक्टरांना वाटलं पैशांचं काहीतरी असेल. रेश्माने सांगितलं, तसं नाही, हिला फोंड्याचा घाट लागतो. ते खरंच होतं. फोंडाघाट सुरू झाला की पहिल्या वळणापासून ही बाई पिशवीत तोंड घालून बसायची, ती राधानगरी गेल्यावर मान वर काढायची. पण घाट ही अर्धीच गोष्ट होती. दर आठवड्याला दोन दिवस जाण्यायेण्याचे आणि तीन दिवस अंथरुणाचे गेले असते, तर टोपली संपलीच असती. गोळी की सलाईन, याचा तिच्यापुरता अर्थ बाजार की बिछाना, असा होता.

म्हणून महिन्याला माझ्याकडे रक्त. त्या रक्तात एक मार्कर बघायचा असतो. गाठ वाढली तर तो साधारण वाढतो, दबली तर उतरतो. मावशी त्याला "आकडो" म्हणायची आणि बंदरावर आज मासळी किती आली ते विचारावं तशा आवाजात विचारायची. "इलो काय आकडो?"

आता मी केलेला पहिला गाढवपणा सांगतो. गोळी सुरू होऊन महिना झाला आणि आकडा उतरण्याऐवजी चढला. बराच चढला. तो कागद प्रिंटरमधून निघाला तसा मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. मशीन बिघडलंय, केमिकल आलं नाही, उद्या बघू, असं म्हणत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मावशी टोपली तशीच सोडून आत आली. हात धुतलेले नव्हते, बोटांना खवले चिकटलेले होते. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"डोळे बघ तुजे. शिळ्या बांगड्याचे होतत तशे पांढरे झालेत. आकडो वाढलो मां?"

मी मान हलवली.

"मगे दोन दिस काय तेका मीठ लावन ठेवलंस? रगत माजा, हाडा माजी, आणि भितंस तू?"

तिने ड्रॉवर स्वतः उघडला आणि कागद काढला. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. चष्मा लावून तिने तो उलटसुलट बघितला, घडी केली आणि एप्रनच्या खिशात टाकला. मग मला डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर म्हणाले, औषध नुकतंच लागू पडत असताना हा आकडा कधीकधी आधी वर जातो आणि मग खाली येतो. एका आकड्यावर काही ठरवायचं नाही. तिचं दुखणं कमी आहे का, जेवते का, आणि पुढचे दोन-तीन आकडे काय येतात, हे सगळं मिळून बघायचं, मग स्कॅन. फोन ठेवल्यावर मावशी म्हणाली, "बघलंस? शिकलेलो ढेकूण." पुढच्या महिन्यात आकडा उतरला. तेव्हापासून तिचा रिपोर्ट आला की मी आधी शटरपाशी उभा राहून तिला ओरडून सांगायचो. गुप्तता वगैरे जे आम्हाला शिकवतात ते कसालच्या बाजारात चाललं नाही. आकडा उतरला की केस कापणारासुद्धा टाळी द्यायचा.

गोळी बरेच दिवस चालली. मावशी बसत होती, ओरडत होती, चपला गटारात टाकत होती. मग हळूहळू आकडा चढायला लागला. एक महिना, दुसरा, तिसरा. पाठही परत बोलू लागली, टोपली उतरवायला तिला टेम्पोवाल्याचा हात लागायला लागला. स्कॅनमध्ये हाडातले डाग वाढलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, गोळी थकली. आता प्रश्न असा की गाठीने नेमकं काय रूप पालटलं. ते कळलं तर कदाचित सलाईन टाळून दुसऱ्या औषधांवर जाता येईल. पण त्यासाठी हाडातला तुकडा काढणं अवघड. त्यापेक्षा रक्ताचीच एक खास तपासणी आहे. गाठीचे बारीक बारीक अंश झडून रक्तात येतात. मुंबईच्या लॅबमध्ये ते शोधतात आणि त्यावरून गाठ ओळखतात.

डॉक्टरांना वाटलं हे तिला समजवायला वेळ लागेल. मावशी तोंड आवळून शुद्ध मराठीत म्हणाली, "कळलं डॉक्टर. मासा गिऱ्हाईक घेऊन गेलं, तरी पाटावरचे खवले बघितले की मला कळतं, कुठचा मासा कापला ते."

डॉक्टरांनी म्हणे ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, ताई, हे मी पुढच्या पेशंटला सांगू का? ती म्हणाली, "सांगा. पण माझं नाव घालून सांगा."

मुंबईहून माझ्याकडे थर्माकोलचा डबा आला. आत दोन खास नळ्या. त्यांच्यात एक द्रव आधीच भरलेला असतो, तो रक्त टिकवून ठेवतो. त्या नळ्या साध्या हवेत ठेवायच्या, फ्रिजमध्ये नाही, बर्फात तर अजिबात नाही. हे सगळं डब्यावर इंग्रजीत छापलं होतं आणि मी ते वाचलं होतं. मावशीचं रक्त घेतलं, नळ्या डब्यात ठेवल्या, चिकटपट्टी मारली. डबा कणकवलीला कुरियरच्या ऑफिसात पोचवायचा होता. रेश्मा दुपारी तिकडे जाणार होती. तोवर माझ्या बाकावर पंधरा पेशंट. मावशी म्हणाली, "दी माज्याकडे, सांभाळतंय." मी डबा तिला दिला आणि वर शहाणपणाने सांगितलं, "उन्हात ठेवू नको हां मावशी, खराब होईल."

बस. एवढंच सांगितलं. या किनाऱ्यावर "खराब होईल" या दोन शब्दांवर एकच उपाय माणसाच्या हाडात मुरलेला आहे, हे मला, इथेच जन्मलेल्या माणसाला, सुचू नये!

तीन दिवसांनी मुंबईच्या लॅबमधून एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी सभ्य. "सर, तुमच्या सॅम्पलसोबत मासे आलेत."

"कुठले?" मी विचारलं. तोंडातून तेच गेलं.

"मला नाही माहीत सर. चपटे आहेत. दोन. आणि डब्यात बर्फाचं पाणी आहे, मीठ घातलेलं. सॅम्पल गोठलं होतं सर. आम्हाला ते घेता येणार नाही."

मी शटरपाशी गेलो. मावशी एका बाईला चपटे सरंगे दाखवत होती. मला सगळं कळलं.

ती बाई जाईपर्यंत मी थांबलो आणि मग मुंबईच्या मुलीचा फोन सांगून विचारलं. तिने जराही लपवलं नाही. "घातलंय बर्फ. मुंबैक धाडूची वस्तू आणि बर्फाशिवाय? तू तसोच बांधलंलंस डबो, सुको! माका वाटला, शिकलेलो आसा, इसारलो आसतलो. म्हणान तुका न सांगता घातलंय, उगाच लाजतलंस."

"आणि सरंगे?"

"ता चेडू सकाळपासून माजा रगत बघीत बसतला. तेका जेवक कोण घालतला?"

मग मला सांगावं लागलं. मासा थंडीने टिकतो, पण या रक्ताचं उलटं आहे. ते गोठलं की त्यातल्या धडधाकट पेशी फुटतात आणि त्यांचाच एवढा कचरा होतो, की गाठीचे अंश त्यात ओळखूच येत नाहीत. ती ऐकत राहिली. मी आणखी समजवणार तेवढ्यात तीच म्हणाली, "म्हणजे सगळ्या माशांचे खवळे पाटार एकत्र झाले."

"होय."

"आता?"

"आता नवीन नळ्या यायला हव्यात. परत रक्त. रिपोर्टला परत तेवढेच दिवस."

म्हणजे थकलेल्या गोळीवर आणखी कितीतरी दिवस. तिला ते मी बोलायच्या आधी कळलं होतं. ती छत्रीची तार उगाच सरळ करत बसली. मग हळूच म्हणाली, "चुकलाच मां रे माजा?" चूक माझी होती. मी तिला तसं सांगितलंही, पण तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवशी दुपारपर्यंत बाजारात तिचा आवाज आला नाही. येणारे-जाणारे टोपली भरलेली बघून विचारायचे, मावशी बरी आहे ना? मला त्या दिवशी स्वतःची एवढी शरम वाटली, की घरी जाताना मी मागच्या वाटेने गेलो.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने आल्याआल्या विचारलं, "त्या चेडवान सरंगे खाल्ल्यान काय?" तिथल्या नियमाप्रमाणे ते मासे कचऱ्यात गेले होते, मुलीने मला तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, "खाल्ले. तळून. फार आवडले म्हणाली." मावशीने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"फेकल्यानी?"

"फेकले."

"असले सरंगे!" ती म्हणाली आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रक्त गोठलं तेव्हा नव्हतं आलं.

नव्या नळ्या आल्या. त्या दिवशी डावा हात अगदीच रुसला. तीनदा टोचलं तरी शीर सापडेना. मावशी म्हणाली, "रव वायच. रगत घाबारला. मागल्या खेपेक बर्फात घातलंय ना तेका." तिने हात गरम पाण्यात बुडवला, चोळला आणि शीर वर आली. या वेळी मी लॅब बंद केली आणि डबा घेऊन तिच्यासोबत रिक्षाने कणकवलीला निघालो. डबा तिच्या मांडीवर. हायवेवर आमच्या पुढे मासळीचा एक टेम्पो चालला होता, त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. मावशी कपाळाला नांगरटीसारख्या आठ्या घालून त्याच्याकडे बघत राहिली. "मन मानणा नाय रे," ती म्हणाली. "सुकोच धाडूचो?" मी डब्यावर हात ठेवला. तिने माझ्या हातावर ठेवला, आणि तसेच आम्ही कुरियरच्या ऑफिसपर्यंत गेलो.

रिपोर्ट आला. गाठीने रूप पालटलं होतं, आणि कसं ते त्यात लिहिलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताई, बरं झालं बघितलं. जुन्या गोळीचा आता उपयोग नाही, पण अजून सलाईनची गरज नाही. महिन्याला दोन इंजेक्शनं, सोबत दुसरी गोळी. इंजेक्शनं तिथेच कसालला घ्या. किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही." मावशीने एवढंच विचारलं, "टोपली?" डॉक्टर म्हणाले, हलकी ठेवा. तिने फोन मला दिला, बाहेर गेली, आणि पारावरून अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं की घाट बंद झाला.

ही इंजेक्शनं कमरेखाली, एक उजवीकडे आणि एक डावीकडे देतात. औषध तेलासारखं दाट, आत जायला वेळ घेतं आणि दोन दिवस ठणकतं. पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी मावशी टोपलीमागे उभी राहिली. बसेचना. मी विचारलं तर फिस्कारली. "एका बाजूक मारलेला बरा, दुसऱ्या बाजूर बसूक गावता. दोनय बाजूक मारल्यार माणसान बसाचा खंय? तुज्या टकलार?" उभी बाई बघून गिऱ्हाइकांना वाटायचं मावशी आवरून निघाली, आणि लोक घाईघाईने मासळी घ्यायचे. टोपली अकराला रिकामी. तिने हे लगेच ओळखलं. त्यानंतर इंजेक्शन नसलेल्या दिवशीही ती अधूनमधून उठून उभी राहायची.

त्या औषधांवर दोन पावसाळे गेले. दोन पावसाळे तिने सुके बांगडे विकले आणि दोन्ही वेळा बोटी सुटल्यावर ताज्या मासळीची पहिली टोपली घेऊन तीच कसालला आली. मला ते दोन पावसाळे फार मोठे वाटतात.

मग पुन्हा आकडा चढला. एकदा, दोनदा, तीनदा. या वेळी यकृतातही दिसलं. मावशी वाळली. आधी दिवसाआड यायला लागली, मग आठवड्यातून एकदा, मग नाहीच. बाजारात तिच्या फरशीवर कुणी बसलं नाही. चप्पलसुद्धा कुणी ठेवली नाही.

एक दिवस डॉक्टरांचा मला फोन आला. तीच तपासणी परत एकदा करता येईल, ते म्हणाले. काही नवं दिसलं तर एखादं औषध निघेलही, पण बहुतेक आता सलाईनच. त्यांना प्रवास नको, तुम्ही घरी जाऊन रक्त आणू शकाल का? मी हो म्हटलं. नळ्यांचा डबा घेतला आणि मालवणला निघालो.

आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी बाजारात थांबलो. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक नवीन बाई बसायला लागली होती. मी तिच्या टोपलीतली सुरमई बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याने कल्ला उचलला. आत काळपट होतं. मी तो खाली ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की मी कल्ला उघडला आहे. मी सुरमई घेतली.

मावशी पडवीत खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला बघताच तिची नजर आधी पिशवीवर गेली. "काय हाडलंस?" मी पिशवी पुढे केली. रेश्मा हसायला लागली. मालवणात बंदरावरच्या माणसाला कसालची सुरमई! मावशीने मासा मांडीवर घेतला, कल्ला उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"कल्लो बघललंस?"

"बघितला."

"काळो दिसाक नाय?"

"दिसला."

"मगे घेतलंस कित्या?"

"उघडला होता म्हणून."

ती हसली. इतकी हसली की तिला खोकला लागला, रेश्मा धावत आली, तिने पाणी दिलं. पाणी पिऊन परत हसली. "शिरा पडली तुज्या शिक्षणार," ती म्हणाली आणि तळव्याने माझा गाल थोपटला. सुरमई रेश्माने मांजराला घातली. मांजराने वास घेतला आणि निघून गेलं.

मग मी डबा उघडला. नळ्या काढल्या, पट्टा काढला. मावशी बघत होती. मी तिला डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, काही न लपवता, कारण माझ्या डोळ्यांवरून तिला कळणारच होतं. तिने ऐकून घेतलं.

"आणि तेतूर सलायन निघाली तर?"

"तर कोल्हापूर. दर आठवड्याला."

"मी जावचंय नाय."

"माहीत आहे."

"दुसरा काय निघाला तरी आता माका घेवचा नाय. पाठीचा दुखना तेवढा थांबवा म्हणान सांग डाक्टराक. बरो आसा तो. तेका सांग, माजो राग नाय." बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं, तिकडे तिने कान दिला. "घेवचो नाय तर कल्लो कित्या उघडूचो रे?"

रेश्माने तोंड फिरवलं. मी पट्टा गुंडाळला, नळ्या डब्यात ठेवल्या. झाकण नीट लागेना. मावशीने ते ओढून घेतलं आणि लावून दिलं. चिकटपट्टी मात्र मारली नाही. मला रडू येत होतं आणि मी ते तिच्यासमोर आवरायचा प्रयत्न करत होतो, हे तिला दिसत होतं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. रेश्माला म्हणाली, "ढेकणाक चाय दी. साखर वायच जास्त घाल, रगत पिवन पिवन तोंडाची चव गेली आसतली."

चहा झाला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, दुखण्याचं औषध लिहून पाठवतो, मी त्यांच्याशी स्वतः बोलतो. मी रिकाम्या नळ्यांचा डबा गाडीला अडकवला. अंगणातून गाडी वळवली, कुंपणापाशी आलो, तेव्हा मागून हाक आली. आवाज बारीक झाला होता, पण बाजारातला होता.

"रे ढेकणा! आज उपाशीच चललंस?"

मी वळून बघितलं. ती उशीवरून जरा पुढे आली होती. मी हात वर केला. तिनेही केला, डावा.